भाताच्या किडीला उत्तर भातातच शोधताना

तपकिरी तुडतुडा जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांब असतो. पानांवर तो सहसा दिसत नाही. चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या थोडं वर, सावलीत बसून तो आपली बारीक सोंड खोडात खुपसतो आणि झाडाचा अन्नरस शोषतो. चार-दोन तुडतुड्यांनी भाताचं काही बिघडत नाही. पण एक मादी शेकड्यांनी अंडी घालते, महिनाभरात पुढची पिढी उभी राहते आणि हंगामाच्या उत्तरार्धात एकेका चुडावर शेकडो किडे जमतात. मग भरल्या शेतात मधेच एक गोल चट्टा करपलेला दिसतो. असे चट्टे वाढत जाऊन एकमेकांत मिसळतात आणि लोंब्या भरायच्या आधीच पीक हातचं जातं.

उष्ण प्रदेशांत ही कीड एकेकाळी दुय्यम मानली जायची. १९६० च्या दशकात ठेंगणे, भरपूर खत पचवणारे वाण आले. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये आयआर-८ हा असाच वाण दिला. त्यानंतर दाट लावणी, जादा नत्र, वर्षातून दोन-दोन पिकं आणि सोबत कीटकनाशकांच्या फवारण्या, असं सगळं एकत्र आलं. १९७० च्या दशकात फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि आपल्याकडे केरळात तुडतुड्यांचे मोठे उद्रेक झाले. फवारणीने ते आवरले नाहीतच, अनेक ठिकाणी वाढले. भाताच्या शेतात कोळी असतात, तुडतुड्यांची अंडी शोषणारे छोटे ढेकूण असतात. सरसकट मारणारं औषध आधी त्यांचा नायनाट करतं. खोडाच्या आत सुरक्षित असलेली अंडी मात्र वाचतात, आणि त्यातून निघालेल्या पिल्लांना खाणारं शेतात कोणी उरलेलं नसतं. हे इतकं स्पष्ट झालं की १९८६ मध्ये इंडोनेशिया सरकारने भातावर वापरल्या जाणाऱ्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

दुसरं उत्तर त्याआधीपासून शोधलं जात होतं. माणूस हजारो वर्षं भात पिकवतो आहे आणि त्यातून जगभरात भाताच्या हजारो स्थानिक जाती तयार झाल्या आहेत. त्यांपैकी काहींवर ही कीड जगतच नसेल तर? आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या कीटकशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जाती तपासायला घेतल्या. डॉ. एम. डी. पाठक यांच्या चमूला त्यात ‘मुडगो’ नावाची एक भारतीय जात सापडली. तिच्यावर सोडलेली तुडतुड्यांची पिल्लं वाढेनात, बहुतेक काही दिवसांतच मरून जात. प्रतिकाराचा एक स्रोत हाती लागला होता.

‘स्रोत’ म्हणजे अशी जात, ओळ किंवा रानटी नातेवाईक, जिच्यात किडीला रोखणारा आनुवंशिक गुण आहे आणि तो संकर करून दुसऱ्या वाणात नेता येतो. व्याख्या सोपी आहे. अवघड आहे ते हा गुण ओळखणं, कारण झाड किडीला एकाच पद्धतीने रोखत नाही.

१९५१ साली अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी प्रतिकाराचे तीन प्रकार मांडले. ती विभागणी आजही वापरली जाते. पहिला प्रकार म्हणजे किडीला झाड आवडतच नाही. ती येते, चाचपते आणि उडून जाते किंवा अंडी घालत नाही. दुसऱ्या प्रकारात कीड खाते, पण ते खाणं तिला मानवत नाही. पिल्लं मरतात, खुरटतात, माद्या कमी अंडी घालतात. मुडगोचा प्रतिकार मुख्यतः असा होता. तिसरा प्रकार म्हणजे सोशिकपणा. कीड खाते, वाढते, प्रजाही वाढवते, तरी झाड तग धरतं आणि बऱ्यापैकी दाणा देतं.

हे तिन्ही प्रकार आयुष्यभर लक्षात राहावेत असं मला वाटतं, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यापाशीच होतो. कीड मेली की नाही एवढंच मोजणाऱ्या माणसाला सोशिक जात दिसणार नाही. रोप मेलं की नाही एवढंच पाहणाऱ्याला कळणार नाही की किड्याला झाड आवडलं नाही, पचलं नाही, की झाडाने ते सोसलं.

चाचणी कशी होते

तपासायच्या जातींचं बी जनुकपेढीत, म्हणजे बियांच्या साठ्यात, जपलेलं असतं. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या पेढीत एक लाख तीस हजारांहून जास्त नमुने आहेत. सगळे शेतात लावून किडीची वाट पाहणं शक्य नाही; कीड एका वर्षी येते, दुसऱ्या वर्षी येत नाही, आणि आली तरी सगळ्या ओळींवर सारखी बसत नाही. म्हणून तपासणी ट्रेमध्ये, रोपांच्या वयात होते.

पसरट ट्रेमध्ये मातीत ओळी आखतात आणि प्रत्येक ओळीत एकेका जातीचं बी पेरतात. दोन ओळी ठरलेल्या असतात. एक तैचुंग नेटिव्ह-१ ची, जी तुडतुड्यांपुढे हमखास कोसळते, आणि एक पीटीबी-३३ ची, केरळातल्या पट्टांबी केंद्राची जात, जी हमखास टिकते. या दोन ओळींशिवाय बाकी निकालांना अर्थ नाही. तैचुंगची ओळच मेली नसेल तर किड्यांचा दाब पुरेसा नव्हता. पीटीबी-३३ सुद्धा मेली असेल तर तो फार जास्त होता किंवा किडीची जातकुळी वेगळी होती. रोपं साधारण आठवड्याची झाली की वाढवलेल्या तुडतुड्यांची लहान पिल्लं प्रत्येक रोपावर सुमारे सहा ते दहा पडतील अशा बेताने सोडतात. मग रोज पाहायचं. तैचुंगची नव्वद टक्के रोपं वाळली की थांबायचं आणि प्रत्येक ओळीला ० ते ९ गुण द्यायचे. शून्य म्हणजे काहीच इजा नाही, तीन म्हणजे खालची पानं पिवळी पडली, पाच म्हणजे पिवळेपणा आणि खुरटलेपणा ठळक, नऊ म्हणजे रोप मेलं.

ही पद्धत स्वस्त आणि जलद आहे; थोड्या दिवसांत शेकडो जाती चाळता येतात. हिच्याशिवाय मुडगोही सापडली नसती आणि पुढचंही काही. पण हिचा एक मोठा दोष आहे. आठवड्याच्या रोपाला दहा पिल्लांचा मार सोसायला लावणं ही टोकाची परीक्षा आहे. जी जात रोप असताना हळवी पण महिनाभराची झाल्यावर चिवट असते, ती इथे नापास होते. सोशिक जातीही बहुधा नापास होतात. या दोषावर उपाय म्हणून सुधारित चाचणी आली. तिच्यात रोपं वीसेक दिवसांची होऊ देतात, थोडेच किडे सोडतात आणि त्यांच्या पुढच्या पिढीने झाडं मारायची वाट पाहतात. या चाचणीत आयआर-४६, केरळची त्रिवेणी आणि इंडोनेशियातली उत्री राजपान यांसारख्या जाती वर आल्या, ज्या आधीच्या पद्धतीत चांगल्या ठरत नव्हत्या. त्यांतल्या उत्री राजपानकडे आज सोशिकपणाचा नमुना म्हणून पाहिलं जातं. ती आधीपासूनच तशी होती. तिला योग्य प्रश्न विचारला गेला नव्हता.

पहिल्या चाळणीतून निवडलेल्या जातींवर मग बारकाईने काम होतं. पिल्लं किती जगली, किती दिवसांत मोठी झाली, माद्यांनी किती अंडी घातली हे मोजतात. एक सुरेख चाचणी अशी आहे की झाडाच्या बुंध्याभोवती ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या रंगद्रव्यात बुडवून वाळवलेला गाळणकागद ठेवतात आणि वर कपाने झाकून आत उपाशी माद्या सोडतात. तुडतुडा अन्नरस पीत असेल तर त्याच्या शरीरातून बाहेर पडणारा चिकट, गोड स्राव कागदावर निळे डाग पाडतो. तो नुसतं मुळांकडून वर येणारं पाणी पीत असेल तर तसे निळे डाग पडत नाहीत. डागांचं क्षेत्रफळ मोजलं की किड्याने खरंच किती जेवण केलं ते कळतं. प्रतिकारक जातीवर तुडतुडे अनेकदा पाणीच पिऊन दिवस काढताना दिसतात.

याहून पुढचं तंत्र म्हणजे तुडतुड्याच्या पाठीवर चांदीच्या रंगाने बारीक तार चिकटवायची, झाडाला दुसरी तार जोडायची आणि अगदी मंद विद्युतप्रवाह सोडायचा. सोंड कोणत्या पेशीत आहे, नुसती चाचपणी चालली आहे की रस ओढला जातोय, यानुसार आलेख बदलतो. प्रतिकारक झाडावर किडा पुन्हा पुन्हा सोंड खुपसतो, अन्नरसाच्या नळीपर्यंत पोचतो, पण तिथे टिकत नाही. झाडाचा अडथळा नेमका कुठे आहे हे त्यातून कळतं.

रानटी नातेवाईक

लागवडीच्या भातात हवा तो गुण नसेल तर त्याच्या रानटी भाईबंदांकडे वळावं लागतं. ओरायझा कुळात वीसहून अधिक प्रजाती आहेत. दलदलीत, ओढ्याकाठी, जंगलात उगवणाऱ्या. दाणे बारीक, पिकताच गळून पडणारे, कुसळं लांबलचक. उत्पन्नाच्या दृष्टीने कवडीच्या. पण किडींशी त्यांचं नातं लाखो वर्षांचं आहे आणि औषध फवारायला तिथे कोणी नव्हतं.

असा शोध किती विरळ असू शकतो याचं सर्वांत बोलकं उदाहरण किडीचं नसून तिने आणलेल्या रोगाचं आहे. तपकिरी तुडतुडा ‘ग्रासी स्टंट’ नावाचा विषाणू पसरवतो. रोगी झाड गवतासारखं झुडपी होऊन लोंबी धरत नाही. त्याविरुद्ध प्रतिकार शोधताना सहा हजारांहून जास्त नमुने तपासले गेले आणि एकाच नमुन्यात तो सापडला. उत्तर प्रदेशातून गोळा केलेला ओरायझा निवारा या रानभाताचा नमुना. आयआर-३६ सह पुढच्या अनेक वाणांमध्ये त्याचं जनुक गेलं. तो नमुना कोणी गोळाच केला नसता तर? ही काळजी मला अतिशय खरी वाटते. ज्या डबक्यांवर आणि ओढ्यांवर रानभात उगवतो ती डबकी आणि ते ओढे बुजत चालले आहेत. पेढीत ठेवलेलं बी वाचतं, पण किडीबरोबर बदलत राहण्याची त्याची प्रक्रिया तिथे थांबलेली असते.

निवारा लागवडीच्या भाताचा सख्खा नातेवाईक, त्यामुळे संकर सहज होतो. ओरायझा ऑफिसिनालिस, ओरायझा ऑस्ट्रेलिएन्सिस, ओरायझा मिन्युटा हे दूरचे. त्यांच्याशी संकर केला तर दाणा भरत नाही, आतला गर्भ काही दिवसांत मरतो. म्हणून परागणानंतर थोड्याच दिवसांनी तो कोवळा गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली काढून घेऊन पोषक माध्यमावर वाढवावा लागतो. त्यातून आलेलं रोपही बहुधा वांझ असतं. त्याचा पुन्हा पुन्हा लागवडीच्या भाताशी संकर करत गेलं की कधीतरी रानटी गुणसूत्राचा एखादा तुकडा भाताच्या गुणसूत्रात सामावलेलं झाड मिळतं. तपकिरी तुडतुड्याविरुद्धची काही सर्वांत महत्त्वाची जनुकं अशी आली. त्यांची नावं बीपीएच, म्हणजे या किडीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं, आणि पुढे क्रमांक अशी असतात: बीपीएच-१४ आणि बीपीएच-१५ ऑफिसिनालिसकडून, बीपीएच-१८ ऑस्ट्रेलिएन्सिसकडून.

तुकडा एकटा येत नाही. हव्या त्या जनुकाच्या शेजारी दाणे गळण्याचं, उशिरा पिकण्याचं किंवा कमी फुटव्यांचं जनुक असेल तर तेही चिकटून येतं. ते सोडवण्यासाठी पिढ्यान् पिढ्या संकर आणि निवड करत राहावं लागतं. प्रतिकाराचा स्रोत सापडण्यापासून शेतात चालणारा वाण येईपर्यंत दशक सहज जातं, ते बहुतांशी या कामामुळे.

झाडापासून जनुकापर्यंत

जात प्रतिकारक आहे हे कळलं, पण कशामुळे? त्यासाठी तिचा नाजूक जातीशी संकर करतात आणि दुसऱ्या पिढीत काय होतं ते पाहतात. चारातली तीन झाडं टिकली आणि एक मेलं असं प्रमाण येत असेल तर एकच प्रभावी जनुक काम करतंय असं मानायला आधार मिळतो. १९७१ साली अशाच अभ्यासातून मुडगोमधलं बीपीएच-१ आणि तमिळनाडूच्या एएसडी-७ मधलं बीपीएच-२ ओळखलं गेलं. यात एक अडचण आहे. एक रोप एकदाच तपासता येतं. ते चुकून वाचलं की खरंच प्रतिकारक होतं हे कळत नाही. म्हणून प्रत्येक झाडाच्या स्वतःच्या बियांपासून पुढची पिढी लावतात आणि ओळ तपासून मूळ झाडाचा गुण ठरवतात.

पुढची पायरी म्हणजे ते जनुक भाताच्या बारा गुणसूत्रांपैकी कशावर आणि कुठे बसलंय ते शोधणं. डीएनएवर ठरावीक अंतरांवर असलेल्या खुणा यासाठी रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांसारख्या वापरतात. ज्या झाडांनी कीड रोखली त्या सगळ्यांत प्रतिकारक पालकाकडून आलेली कोणती खूण हमखास आढळते ते पाहायचं. खूण आणि गुण जितके सतत एकत्र येतील तितकं जनुक तिच्या जवळ. एकदा नेमकी खूण हाती आली की पैदासकाराला किडे पाळायची गरज कमी होते. रोपाच्या पानाचा छोटा तुकडा घेऊन प्रयोगशाळेतच जनुक आलं की नाही ते कळतं. भाताचा संपूर्ण जनुकसंच २००५ साली प्रसिद्ध झाला, सुमारे ३९ कोटी अक्षरांचा, आणि २०१४ मध्ये तीन हजार वेगवेगळ्या भातांच्या जनुकसंचांची माहिती जगाला खुली झाली. त्यामुळे संकर न करताही शेकडो जातींचे गुण आणि डीएनए शेजारी ठेवून संशयित जागा शोधता येतात. तरी ज्या जातींचं किडीवरचं मोजमाप चोख आहे त्यांच्यावरच हे चालतं. गुण चुकीचे दिले असतील तर संगणक त्या चुकीच्या जागा मोठ्या विश्वासाने दाखवतो.

तपकिरी तुडतुड्याविरुद्धच्या चाळीसहून अधिक जनुकांना आज नावं आहेत. आकडा ऐकून भलताच दिलासा वाटतो, पण तो जपून घ्यावा. २०१६ मध्ये चीनच्या वुहान विद्यापीठातल्या गटाने बीपीएच-९ वेगळं करून पाहिलं तेव्हा दिसलं की १, २, ७, ९, १०, १८, २१ आणि २६ या क्रमांकांची जनुकं बाराव्या गुणसूत्रावरच्या एकाच ठिकाणी बसलेली एकाच जनुकाची रूपं आहेत. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या जातींत, वेगवेगळ्या दशकांत सापडलेली ही नावं. किडीविरुद्ध आठ शस्त्रं आहेत असं समजून वाण तयार करणाऱ्याच्या हातात प्रत्यक्षात एकाच शस्त्राचे आठ घडणावळीचे नमुने होते. अर्थात ही रूपंही उपयोगी आहेत, कारण त्यांचा जोर वेगवेगळ्या किडींवर वेगवेगळा पडतो.

जनुक आत काय करतं, हे बीपीएच-१४ च्या बाबतीत सर्वांत स्पष्टपणे समजलंय. किडीविरुद्धचं भातातलं पहिलं वेगळं काढलेलं जनुक तेच, २००९ साली. ते असलेल्या झाडात तुडतुड्याने सोंड खुपसली की अन्नरसाच्या नळ्यांमध्ये कॅलोज नावाचा पदार्थ साचतो आणि नळी बुजते. नाजूक झाडातही थोडं कॅलोज साचतं, पण तिथे ते विरघळवणारी विकरं जागी होतात, नळी पुन्हा मोकळी होते आणि किडा मजेत पीत राहतो. हे सुरू कसं होतं ते २०२३ मध्ये कळलं. तुडतुड्याच्या लाळेत एक प्रथिन असतं, जे झाडाची साधी संरक्षण यंत्रणा दाबून टाकतं. बीपीएच-१४ चं प्रथिन नेमकं त्याच लाळप्रथिनाला जाऊन भिडतं आणि धोक्याची सूचना देतं. गंमत पुढे आहे. झाड स्वतःच ते लाळप्रथिन हळूहळू नष्ट करतं, म्हणजे किडा गेला की संरक्षणही शांत होतं. सतत पेटलेलं संरक्षण वाढीला आणि दाण्याला महागात पडतं. या झाडाला ते चालू आणि बंद दोन्ही करता येतं. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत देखणा शोध वाटतो.

सगळेच प्रतिकार असे नसतात. श्रीलंकेच्या ‘रथु हीनाती’ या जातीतला बीपीएच-३ म्हणजे शेजारी-शेजारी बसलेल्या तीन जनुकांचा समूह आहे, पेशीच्या पृष्ठभागावर पहारा देणाऱ्या प्रथिनांचा. पांढऱ्या पाठीचा तुडतुडा ही भाताची दुसरी कीड; तिच्या बाबतीत काही जपानी भातांचं वागणं आणखी वेगळं. किड्याने खोडात अंडी घातली की त्या जागी पाणचट डाग उठतो, तिथे बेन्झाइल बेन्झोएट तयार होतं आणि अंडी आतच मरतात.

कीड बदलते तेव्हा

बीपीएच-१ घेऊन आयआर-२६ हा वाण १९७३ मध्ये आला. दोन-तीन वर्षांतच फिलिपाइन्समध्ये आणि मग इंडोनेशियात तुडतुड्यांनी तो फस्त करायला सुरुवात केली. १९७६ मध्ये बीपीएच-२ असलेला आयआर-३६ आला. तो जास्त टिकला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरांवर होता. त्याच्यावरही काही भागांत कीड मात करू लागली. कारण गूढ नाही. लाखो हेक्टरांवर एकच जनुक लावलं की ज्या थोड्या तुडतुड्यांना ते पचतं तेच तेवढे जगतात, आणि बारा महिने भात असलेल्या प्रदेशात त्यांच्या वर्षाला कित्येक पिढ्या होतात.

अशा बदललेल्या समूहांना जीवप्रकार म्हणतात. त्यातली एक गोष्ट वाचताना सुरुवातीला विचित्र वाटते. मुडगो आणि एएसडी-७ या दोन्ही भारतीय जाती, पण फिलिपाइन्समध्ये टिकणाऱ्या या जाती भारतातल्या तुडतुड्यांपुढे टिकत नाहीत. इथल्या किडीला ती जनुकं आधीपासूनच पचतात. म्हणून ‘प्रतिकारक वाण’ हे शब्द एकटे अपुरे आहेत. कोणत्या भागातल्या किडीविरुद्ध, कोणत्या वर्षी तपासलेला, हे सोबत असायला हवं.

गादमाशीच्या बाबतीत हे आणखी तीव्र आहे. डासासारखी दिसणारी ही माशी. तिची अळी फुटव्याच्या वाढत्या टोकापर्यंत जाते आणि पानाऐवजी चंदेरी नळी बाहेर येते. त्या फुटव्याला लोंबी येत नाही. ही माशी फिलिपाइन्समध्ये नाही, त्यामुळे प्रतिकाराचा शोध भारत, श्रीलंका, थायलंड, चीन अशा देशांनाच घ्यावा लागला. आजवर डझनभर जनुकांना नावं मिळाली आहेत आणि भारतात या माशीचे सात जीवप्रकार नोंदले गेले आहेत. थायलंडच्या ‘सियाम-२९’ कडून आलेल्या जनुकावर उभा असलेला ‘फाल्गुना’ हा वाण आंध्रात फार लोकप्रिय झाला होता. १९८० च्या दशकात आंध्रच्या ईशान्य किनारपट्टीवर त्याला न जुमानणारी माशी आली.

मग टिकाऊपणा येतो कुठून? आयआर-६४ हा १९८५ चा वाण पाहा. त्याच्यात बीपीएच-१ आहे, जे केव्हाच निष्प्रभ झालं होतं. तरी शेतात तो बराच काळ बऱ्यापैकी उभा राहिला, कारण त्याच्यात लहान-लहान परिणाम करणारी इतरही जनुकं आहेत. किड्याला कोणीच पूर्ण मारत नाही. सगळी मिळून त्याची वाढ मंदावतात. मंद वाढणारी कीड कोळ्यांना आणि इतर भक्षकांना आवाक्यात राहते. मध्यम प्रतिकाराला ट्रेमध्ये पाच गुण मिळतात आणि तो यादीतून खोडला जातो, ही मला या संशोधनातली सर्वांत खर्चिक सवय वाटते.

दुसरा मार्ग म्हणजे एकाच वाणात दोन-तीन जनुकं एकत्र बसवणं. भारतीय जात एडीआर-५२ मधली बीपीएच-२५ आणि बीपीएच-२६ ही दोन जनुकं जपानी संशोधकांनी आधी वेगवेगळी तपासली. एकेकटी दुबळी, पण एकत्र आल्यावर जोरदार. मात्र जोडीतलं एक जनुक शेजारच्या वाणात एकटंच लावलेलं असेल तर कीड त्याच्यावर सराव करून घेते आणि जोडी निम्म्याने कमजोर होते.

खोडकिड्याचं कोडं

इथवर वाचून वाटेल की पुरेशा जाती चाळल्या की काहीतरी सापडतंच. पिवळ्या खोडकिड्याने हा समज खोटा ठरवला आहे. त्याची अळी खोडात शिरून आतून पोखरते. लहान झाडाचा मधला पोंगा सुकतो, निसवल्यावर पूर्ण लोंबी पांढरी पडते. हजारो जाती तपासूनही लागवडीच्या भातात याच्याविरुद्ध भक्कम प्रतिकार मिळालेला नाही. तमिळनाडूची टीकेएम-६ ही जात बऱ्यापैकी. तिच्यापासून हा मध्यम गुण आयआर-२० मध्ये आणि पुढे आला. त्याहून वर काही नाही. अळी एकदा खोडात गेली की झाडाच्या बऱ्याचशा उपायांपासून सुरक्षित असते, आणि हा प्रतिकार बहुधा अनेक छोट्या जनुकांमध्ये विखुरलेला असल्याने तो पकडणंही अवघड. शिवाय तुडतुड्यांसारखा हा किडा प्रयोगशाळेत हजारोंनी सहज पाळता येत नाही, त्यामुळे चाचण्याच विरळ होतात.

म्हणून इथे लोक भाताबाहेर गेले. जमिनीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं, म्हणजे कापसातून परिचित असलेलं बीटी जनुक भातात घातलं. चीनने २००९ मध्ये अशा भाताच्या दोन प्रकारांना सुरक्षिततेचं प्रमाणपत्र दिलं, पण ते व्यापारी लागवडीत उतरले नाहीत. दुसरा प्रयत्न हैदराबादेत चालला आहे. सांबा मसुरीच्या बियांवर रासायनिक प्रक्रिया करून त्यांच्या डीएनएमध्ये मुद्दाम बदल घडवले आणि त्यातून खोडकिडा बऱ्यापैकी सोसणाऱ्या ओळी निवडल्या. निसर्गात सापडत नाही ते सापडण्याजोगं करायचं, असा हा मार्ग आहे. रानटी प्रजातींची पुन्हा, जास्त चांगल्या चाचण्यांनी तपासणी करणंही बाकी आहे.

चाचण्यांसाठी पाळलेले तुडतुडेही दर काही काळाने शेतातून ताजे आणून भरावे लागतात. वर्षानुवर्षं तैचुंग नेटिव्ह-१ वर पोसलेला किडा शेतातल्या किड्याचं प्रतिनिधित्व करत नाही. म्हणूनच भारतात एकाच संचातल्या जाती देशभरातल्या अनेक केंद्रांवर, तिथल्या तिथल्या किडीसमोर, दरवर्षी तपासल्या जातात. अशा तपासण्यांमध्ये मुडगो कधीच मागे पडली. पीटीबी-३३ आणि रथु हीनाती मात्र बहुतेक केंद्रांवर अजून टिकून आहेत. दोघींच्याही अंगात एकाहून अधिक जनुकं आहेत, आणि त्यांतली सगळी अजून वेगळी काढून झालेली नाहीत.